नाकाचं सोवळं

"बघा ताई, कसं झ्याक दिसतंय आता," म्हणत कौसाबाईंनी कोल्ड रूमचं दार पुरतं उघडलं.

समोरच्या फळीवर स्टीलचे चार डबे ओळीनं मांडले होते. सगळे एकाच मापाचे, घासून लख्ख केलेले. प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक आणि झाकणावर झेंडूचं एकेक फूल. आदल्या दुपारपर्यंत याच फळीवर चार चंदेरी पाकिटं होती आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत नाव होतं.

"कौसाबाई, पाकिटं कुठायत?"

"त्यातलंच भरलंय की डब्यात. तोंडं फाटलेली, वर रबर लावलेले. खंडेनवमीला समदी हत्यारं धुतली, मशिनी पुसल्या, हार घातले, आन् हेच तेवढं कळकट ठेवायचं व्हय? सणासुदीला बघवंना मला."

"छान केलंत. पण रिकामी पाकिटं?"

"ती गेली की सकाळच्या घंटागाडीत."

मी पहिल्या डब्याचं झाकण काढलं. आत हिरव्या गोळ्या. दुसऱ्यात हिरव्या गोळ्या. तिसऱ्यात आणि चौथ्यातही तेच.

"कुठल्या डब्यात कुठलं पाकीट ओतलं, आठवतंय?"

"ते कसं ध्यानात ऱ्हाईल? समदं एकच तर हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "एकच न्हाई का ताई?"

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्यात बाणेरच्या पुढं एका पबमध्ये बिअर बनवायच्या कामावर होते. पबच्या मागच्या अंगाला आमचा छोटा कारखाना होता. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड रस काढायचा, तो तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळायचा, आणि उकळताना त्यात हॉप घालायचा. हॉप म्हणजे थंड देशातल्या एका वेलीचं फूल. ते वाळवून, दळून, दाबून त्याच्या गोळ्या करतात. दिसायला थेट कोंबडीचं खाद्य. पण बिअरचा कडूपणाही त्यातून येतो आणि वासही, आणि प्रत्येक जातीचं त्यात वेगळं म्हणणं असतं.

त्या चार पाकिटांत चार जाती होत्या. मॅग्नम, कॅस्केड, साझ आणि सिट्रा. मॅग्नम कडूपणासाठी, म्हणून तो कढ आल्या आल्या घालायचा आणि तासभर उकळू द्यायचा. कॅस्केड आणि साझ शेवटी-शेवटी. सिट्रा तर आच बंद केल्यावर, आमटी उतरवताना कोथिंबीर घालतात तसा. यात उलटापालट झाली की संपलं. सिट्रा आधी पडला तर त्याचा सगळा सुवास वाफेबरोबर छपरातून जाणार. साझ पहिला पडला तर कडूपणा येणारच नाही, लोकांना गोड पेज प्यावी लागणार.

आणि हंड्यात त्या दिवशी जो रस होता तो माझा होता. मिनेझिस सर, आमचे मुख्य ब्रूअर, सणाला घरी गोव्याला गेले होते. जाताना म्हणाले होते, "वैजू, दसऱ्याला हंडा तुझा. तुझी रेसिपी, तुझी बिअर. दिवाळीला नळावर लावू." तीन वर्षं मी टाक्या धुतल्या होत्या, पोती उचलली होती आणि त्यांच्या बिअरींची तापमानं वहीत लिहिली होती. हा हंडा पहिला.

तुम्ही म्हणाल, मग त्यात एवढं काय? गोळी चोळायची, हुंगायची, ओळखायची. बिअर करणाऱ्याला एवढं यायलाच हवं. येत होतंच. पण चार दिवसांपासून मला अशी सर्दी झाली होती की नाकाशी हिंगाचा कारखाना असता तरी कळलं नसतं. ऑक्टोबरची हवा. नाक दोन्ही बाजूंनी बंद.

मी चारही डब्यांतली एकेक गोळी चघळून बघितली. पहिलीनंच जीभ इतकी कडू झाली की पुढच्या तिघी सख्ख्या बहिणी वाटल्या. कौसाबाईंना हुंगायला लावलं. त्यांनी चारही डबे भक्तिभावानं हुंगले.

"कडू गवत," त्या म्हणाल्या. "आन् हेबी कडू गवत. माझं नाक मिसरीनं केव्हाच गेलं, ताई."

मी सरांना फोन लावला.

"हुंगून बघ," ते म्हणाले.

"सर, सर्दी झालीय."

फोनवर मागून समुद्राचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मग राहू दे. नवीन माल यायला दहा दिवस जातील. हा रस सोडून दे, उद्या त्या टाकीत आपली नेहमीची गव्हाची लाव, तिला चिमूटभर कुठलाही हॉप चालतो. तुझी पुढं कधीतरी बघू."

हे 'पुढं कधीतरी' मी चांगलं ओळखून होते. हंड्याला कढ यायच्या बेतात होता. कढ आल्यावर फार तर पाऊण तास थांबता आलं असतं. त्यापुढं रस आटतो आणि रंग काळवंडतो. मी रस सोडायच्या नळाशी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात गेटवरून रखवालदाराचा फोन आला.

"मॅडम, तुमचे वडील आलेत. मला आपट्याचं पान दिलं त्यांनी."

माझे वडील म्हणजे मिरजेचे दत्तोबा आवटी. उदबत्तीवाले. आमच्या उदबत्त्या देवळातही जायच्या आणि दर्ग्यातही, आणि दोन्हीकडची माणसं सांगायची की आवटींचं नाक म्हणजे नाक. ते नाक आबांनी सोवळ्यात ठेवलं होतं. वास मिसळायचा असेल तर आदल्या दिवसापासून कच्चा कांदा नाही, लसूण नाही. तंबाखू तर जन्मात नाही. आणि दारूचं आमच्या घरी नावसुद्धा काढत नसत. आबा त्याला 'ते' म्हणत. 'ते पिणाऱ्याचं नाक आधी मरतं, मग माणूस,' हे मी लहानपणापासून ऐकलेलं.

त्यामुळे मी घरी सांगितलं होतं की मी फळांच्या रसाच्या कंपनीत आहे. आबा गल्लीत सांगायचे, "आमची वैजू सरबतात साहेब आहे." तीन वर्षं मी ते चालू दिलं होतं.

ते आत आले. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, हातात आपट्याची डहाळी.

"आबा, तुम्ही इथं कसे?"

"रात्रीच्या एसटीनं. तू सणाला येईनास, म्हटलं सोनं द्यायला आपणच जावं. सीमोल्लंघन स्वारगेटलाच झालं." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "नाक लाल झालंय की गं."

"सर्दी आहे. पण पत्ता कुणी दिला?"

"होता माझ्याकडं."

घरमालकीणबाईंनी दिला असणार, असं मी धरून चालले. आबा हंड्याकडे बघत होते. वर झेंडूचा हार, खाली वाफ. त्यांनी हंड्याला हात जोडले. मग एक दीर्घ श्वास घेतला आणि पिशवी खाली ठेवली.

कौसाबाईंना मात्र राहवलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावून सगळं सांगून टाकलं, अपराध कबूल केल्यासारखं. डबे, पाकिटं, घंटागाडी, ताईंचं नाक.

"नाकाचंच काम आहे म्हणायचं," आबा म्हणाले. "आण बघू डबे."

मी चारही डबे आणून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. आबांनी झाकण उघडायला हात पुढं केला आणि थांबले.

"कशासाठी लागतं हे?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. देवघरासाठी का, दर्ग्यासाठी का, दुकानासाठी का, हे कळल्याशिवाय ते कुठलाच वास हातात घेत नसत. माझ्या जिभेवर 'सरबत' हा शब्द तयारच होता. म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं. त्यांनी वास सांगितले असते, मी डबे ओळखले असते, बिअर वाचली असती आणि आबा संध्याकाळच्या गाडीनं मिरजेला गेले असते, गल्लीत साहेब म्हणून सांगायला मोकळे. पण जे नाक त्यांनी आयुष्यभर जपलं तेच मागायचं आणि त्यांना फसवून मागायचं, हे मला जमेना. मला तेव्हा त्यांची खरंच भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज.

"बिअरसाठी, आबा. मी बिअर करते. ही सरबताची कंपनी नाही. कधीच नव्हती."

कौसाबाई भिंतीकडे वळल्या आणि पुसलेलीच फरशी पुन्हा पुसायला लागल्या.

"किती वर्षं?"

"तीन."

"होय," आबा म्हणाले. त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली. "पाणी कुठं आहे? हात धुतो."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली, नाक शिंकरलं, तोंड पुसलं. लहानपणी मी हे रोज पाहायचे. मग ते खिडकीकडे तोंड करून बसले, पहिल्या डब्यातली गोळी तळहातावर घेतली, अंगठ्यानं चुरली, तिच्यावर हलकी फुंकर मारली आणि डोळे मिटले. माझ्या मागं हंड्याला कढ आला होता. झाकण खडखडत होतं.

"पपनस," आबा म्हणाले. "सोलताना साल पिळली की जे उडतं ना डोळ्यात, ते. आणि गुलाब. पण कालचा."

"कॅस्केड," मी म्हटलं आणि डब्यावर खडूनं लिहिलं.

आबांनी आपल्या सदऱ्याची बाही हुंगली. दोन वासांच्या मधे ते असंच करत. आपला स्वतःचा वास घेतला की नाक जाग्यावर येतं, म्हणायचे. मग दुसरा डबा. यावर त्यांचा बराच वेळ गेला.

"याला वास बेताचा. जरा राळ. जरा ओलं लाकूड. कामसू आहे, पण बोलत नाही."

"तुमच्यासारखा," माझ्या तोंडून निघून गेलं. कौसाबाईंकडून फिस्सकन आवाज आला. आबा हसले नाहीत, पण भुवई वर गेली. मॅग्नम सापडला. मी धावत जाऊन मोजून तो हंड्यात टाकला, आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं, तोंडानं का होईना.

परत आले तेव्हा आबा तिसऱ्या डब्यावर होते. गोळी हुंगून ते जरासे थबकले.

"गवताची गंजी. वर धने. खाली माती." पुन्हा हुंगलं. "हा ओळखीचा आहे."

"तुमच्या ओळखीचा कसा असेल?"

"वाळ्याच्या घराण्यातला वाटतो," म्हणत त्यांनी डबा बाजूला सरकवला. तो साझ.

राहिला एकच, तरी आबांनी तो सोडला नाही. चौथी गोळी चुरली आणि मान झटकन मागं घेतली.

"आढीतला आंबा. पक्का. पण पोरी, आढीत मांजर मुतून गेलंय."

मी हसत सुटले, हसता-हसता शिंकले. "आबा, पुस्तकातसुद्धा तसंच लिहिलंय त्याच्याबद्दल."

"पुस्तकात मांजर लिहिलंय?"

"देवाशप्पथ."

"मग पुस्तक बरं आहे," आबा म्हणाले.

पुढचा तासभर ते जवाच्या पोत्यावर बसून बघत राहिले. न बोलणारा आधी आणि वासाचे नंतर, हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली. उदबत्तीतही तसंच असतं. झाडाच्या सालीची चिकट भुकटी, जिगट, ती पहिली. तिला वास नसतो, पण तिच्यावाचून काडीवर काही बसत नाही. सुगंधी तेल सगळ्यात शेवटी.

वेळ झाली तशी मी कॅस्केड टाकला, साझ टाकला. शेवटी आच बंद करून सिट्राचं माप उचललं, तर आबा उठून जवळ आले.

"लगेच घालणार?"

"हो, आच बंद केली की."

"एवढ्या ऊन रसात नको. काडी उन्हातून आणली की आम्ही सावलीत निवू देतो, मग तेल. नाहीतर गिऱ्हाइकाच्या आधी वास आमच्या अंगणालाच."

मिनेझिस सर लगेच घालायचे. माझ्या वहीतही तसंच होतं. मी वही बघितली, आबांकडे बघितलं, आणि तापमानाचा काटा ऐंशीवर येईपर्यंत थांबले. मग सिट्रा घातला. मला काही कळलं नाही, पण आबांनी डोळे मिटलेले मला दिसले.

जाण्यापूर्वी त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला उदबत्त्यांचा पुडा काढला. "मशिनीपुढं लाव. नवीन आहे." मी दोन काड्या लावल्या. कौसाबाईंनी हात जोडले आणि मग मान वाकडी केली.

"ताई, उदबत्तीलाबी त्या डब्यावानीच वास येतोय."

"सगळ्या खोलीलाच तो वास लागलाय, कौसाबाई. आणि तुमचं नाक गेलंय ना?"

"सणाला येतं कधीमधी," त्या म्हणाल्या. आबा खिडकीबाहेर बघत होते.

त्यांनी मला आपट्याचं पान दिलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा." मी पाया पडले. रिक्षात बसताना मी विचारलं, "आबा, रागावलात?"

"गाडी चुकंल," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर अठरा दिवस मिरजेहून त्या विषयावर एक शब्द आला नाही. आई फोनवर चकल्या बिघडल्याचं सांगायची. आबा एरवीही फोनवर येत नसत, पण आता त्यांचं न येणं मला टोचायला लागलं. दिवाळीला घरी जावं की नाही, हे माझं ठरत नव्हतं. एसटीचं तिकीट काढायला बसायचे आणि उठायचे. सर्दी चार दिवसांत गेली. ही रुखरुख काही जाईना.

धनत्रयोदशीला सकाळी मिनेझिस सरांनी टाकीचा नळ उघडला. सोनेरी, किंचित धुकट. त्यांनी हुंगलं, घोट घेतला, गिळला, पुन्हा हुंगलं. मग दुसरा ग्लास भरून घेतला, आणि ते सकाळच्या वेळी दुसरा ग्लास कधीच घेत नसत.

"सिट्रा किती घातलास? दुप्पट?"

"नाही सर. तेवढाच. निवल्यावर घातला."

"कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"ते ब्रूअर आहेत?"

"उदबत्तीवाले आहेत," मी म्हटलं. सरांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग नळावर लावायच्या पाटीवर खडूनं लिहिलं, 'वैजूची'. त्यावेळी मला फार आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो सांगायचा कुणाला, ते एकच माणूस होतं.

नळाला हार घालायचा म्हणून कौसाबाईंनी आबांचा पुडा शोधून आणला. मी काडी पेटवली. धूर वर आला आणि मी जागच्या जागी थांबले. गवताची गंजी. वर धने. खाली माती. मी पुडा उघडून न जळलेली काडी नाकाशी धरली. मग पळत कोल्ड रूममध्ये गेले आणि तिसऱ्या डब्याचं झाकण उघडलं.

आबांना फोन लावला. आईनं उचलला आणि त्यांना दिला.

"आबा, ही उदबत्ती कशाची आहे?"

"गेली का सर्दी? कशी झालीय, ते सांग आधी."

"आबा."

"गुढीपाडव्याला आली होतीस. तुझं जाकीट आईनं धुवायला घेतलं, तर खिशात मूठभर गोळ्या. आई म्हणाली, झाडाचं खत असंल. मी अत्तरवाल्याला दाखवलं. त्यानं सांगितलं काय ते. जाकिटाच्या आत तुमच्या कंपनीचं नाव-पत्तापण शिवलंय."

पाडवा ते दसरा म्हणजे सहा महिने. सहा महिने ते गल्लीत सरबतात साहेब म्हणून सांगत होते.

"मग मला बोलला का नाहीत? आणि वर 'किती वर्षं' म्हणून विचारलंत."

"तू आपणहून सांगायला लागलीस, तर ऐकून नको घ्यायला?"

"आणि त्या दिवशीही मी सरबतच म्हटलं असतं तर?"

पलीकडून चरचर ऐकू येत होती. मागं आई कढईत काहीतरी तळत होती.

"तर सरबत म्हणून हुंगलं असतं," आबा म्हणाले. "सोनं दिलं असतं आणि आलो असतो परत."

मला रडू आलं, आणि एव्हाना सुटलेलं नाक पुन्हा चोंदलं. आबांना ते फोनवरून ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी मुद्दाम घसा खाकरला.

"संध्याकाळच्या गाडीत बस. आई तुझ्यासाठी थांबलीय. आणि येताना ते आंब्याचं थोडं आण. बघू काडीवर बसतंय का. मांजर तेवढं तिकडंच ठेव."